टवका गेलेली इस्त्री

मित्रांनो, माझ्या नाकाकडे बघून हसू नका. ते जन्मापासून असे नव्हते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझे टोक इतके नेमके होते, की शर्टाच्या दोन बटणांमधून मी अलगद शिरायचे आणि बटणाला धक्कासुद्धा लागायचा नाही. आता त्या टोकाचा टवका उडाला आहे. कुणीतरी बिस्किटाचा कोपरा खावा तसे माझे नाक दिसते. एका लाँड्रीतली मी म्हातारी इस्त्री. वजन साडेतीन किलो, बूड ओतीव लोखंडाचे, मूठ लाकडाची, वायर तीनदा बदललेली. आज मला कुणी तापवत नाही. तरीही या लाँड्रीत माझ्याएवढे मोलाचे काम दुसरी कोणतीही इस्त्री करत नाही, असे मी म्हटले तर तुम्ही म्हणाल, म्हातारी फुशारकी मारते आहे. मारू द्या थोडी. सगळे ऐकून घ्या आणि मग ठरवा.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. भट्टी, साचा, मग घासणाऱ्या दगडाचा कानठळ्या बसवणारा आवाज. शेवटी एका कामगाराने माझ्या चकचकीत बुडात आपला चेहरा पाहिला, केस सारखे केले आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते या लाँड्रीत. पुढच्या बाजूला मालकांचा गल्ला, मधल्या लांबट खोलीत इस्त्रीची तीन टेबले आणि एक घडीचे टेबल, मागे कपडे वाळवायची खोली, आणि तिच्या शेजारी धुतलेल्या चादरींची कोठी. एवढे माझे जग.

मला पहिल्यांदा हातात घेतले ते मावशींनी. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण मालकांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांचा हात मोठा आणि कोरडा. मूठ अशी पक्की की मी कधी कपड्यावर अर्धा क्षणही जास्त रेंगाळले नाही. बारा वर्षे मी त्या हातात काम केले. हॉटेलांचे टेबलक्लॉथ, डॉक्टरांचे पांढरे डगले, शाळेचे गणवेश, कोट, पडदे, सगळे माझ्याखालून गेले. मावशींचा एकच नियम होता आणि तो त्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. "हात सुटला, की इस्त्री उभी." म्हणजे मूठ सोडण्याआधी मला टाचेवर उभे करायचे, बूड कपड्याला लागू द्यायचे नाही. मालकांच्या वडिलांच्या काळात या नियमात एकदा चूक झाली होती आणि अर्धी लाँड्री जळाली होती. मालक तेव्हा लहान होते. पण आजही कुठे करपल्याचा वास आला, की त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो.

इथली आणखी एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. इस्त्री झाली, की ती करणारा माणूस कॉलरच्या किंवा कमरपट्टीच्या आत रंगीत दोऱ्याचा एक बारीक टाका घाली. मावशींचा दोरा लाल. तिसऱ्या टेबलावरच्या पैलवानाचा हिरवा. हा पैलवान म्हणजे काडीपैलवान बरे का, फुंकर मारली तर उडेल असा, पण जीभ मात्र सव्वा हात लांब. कपड्यावर काही डाग पडला, बटण वितळले, तर मालक कॉलर उलटून पाहत आणि कुणाला बोलवायचे ते त्यांना कळे.

मग मावशींना नवी हलकी इस्त्री मिळाली आणि मला मधल्या टेबलावर ठेवले. मला वाटले, संपले आता आपले दिवस. तेवढ्यात ती आली.

एकोणीस वर्षांची असेल. कॉलेज सोडून आली होती. मावशींनी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "परीक्षेत झोप लागायची." पैलवान म्हणाला, "मलाही लागायची, म्हणून मी पेपरलाच जायचो नाही." ती हसली नाही. तिने नुसते खाली पाहिले. तिच्या उत्तरपत्रिकेची पहिली चार पाने सुवाच्य अक्षरात होती आणि पुढच्या पानांवर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळले.

मित्रांनो, तिचा हात मला पहिल्याच दिवशी आवडला. लहान, पण समजूतदार हात. चुण्यांचे फ्रॉक मावशीसुद्धा कटकट करत घेत, ही मात्र एकेक चुणी बोटाने लावून माझे टोक तिच्या तळापर्यंत नेई. तिचा दोरा पिवळा होता. महिन्याभरात गिऱ्हाइके म्हणू लागली, मागच्या खेपेला ज्यांनी केले त्यांनाच द्या. मावशी भरून पावल्या. "माझ्यानंतर हे टेबल पोरगीच सांभाळणार," असे त्या पैलवानाला मुद्दाम ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. मीही माझी वायर वगैरे विसरून मिरवत होते.

पण जे कुणाला दिसत नव्हते ते मला कळत होते, कारण मी तिच्या मुठीत होते. दुपारचे दोन वाजत आले, की तिची पकड बदले. आधी करंगळी सुटे. मग अंगठा हलका होई. डोळे उघडे असत, हात पुढे-मागे चालत असे, पण मुठीत माणूस नसे. एकदा तिने एकच बाही अकरा वेळा इस्त्री केली. मी मोजले. एकदा हँगर आतच ठेवून शर्टाची घडी घातली. एकदा तर वाळलेल्या, घड्या घातलेल्या गठ्ठ्यावर नीट तांब्याभर पाणी शिंपडले आणि पुढचा कपडा घेतला. दोन-तीन मिनिटांनी ती दचकून भानावर येई, आजूबाजूला पाही, आणि आपण काय केले हे तिला ठाऊकच नसे. मग ती स्वतःला चिमटे काढी. तिच्या डाव्या दंडावर नेहमी काळेनिळे डाग असत.

पैलवानाने तिचे नाव पेंगी ठेवले. मालक तिला "रात्री वेळेवर झोपत जा" असे सांगत. घरी तर विचारूच नका. तिचा दादा म्हणे, "दहा तास लोळतेस आणि वर पेंगतेस, लाज कशी वाटत नाही?" हे तिने एकदा मावशींना सांगितले. रात्री दहा तास अंथरुणात असले तरी चार-पाचदा जाग येते, आणि पहाटे कधीकधी डोळे उघडतात पण हात-पाय हलत नाहीत, दारात कुणीतरी उभे आहे असे दिसते आणि ओरडता येत नाही, हेही सांगितले. मावशी म्हणाल्या, "अशक्तपणा आहे गं. दूध पीत जा." तिने मान हलवली. तिला स्वतःलाही वाटत होते, की आपण आळशी आहोत आणि बाकीचे जग काहीतरी नेटाने करते ते आपल्याला जमत नाही. मला त्या वेळी फार वाईट वाटे, कारण आळशी हात कसा असतो ते मला माहीत आहे. आळशी हात कपड्यावर दाब देत नाही. हिचा हात झोपेतसुद्धा दाब देई.

आता माझ्या नाकाची गोष्ट. त्या दिवशी पैलवान एका जाड्या गिऱ्हाइकाची नक्कल करत होता. ते गृहस्थ मागच्या वर्षीची पॅन्ट आणून दर खेपेला म्हणत, "तुमच्या धुण्याने आटते हो." पैलवानाने एका मोठ्या उशीच्या अभ्र्यात टॉवेल कोंबून पोट केले आणि गल्ल्यासमोर चालून दाखवले. मावशींच्या डोळ्यांतून पाणी आले. माझी पोरगीही खदखदून हसली, आणि त्याच क्षणी तिची मूठ सुटली. करंगळी नाही, अंगठा नाही, सगळी मूठ एकदम. तिची मान छातीवर पडली, गुडघे दुमडले आणि ती टेबलाच्या कडेने घसरत खाली गेली. मी तिच्या मागोमाग. जाता जाता मी तिच्या मनगटाला भाजले आणि नाकावर फरशीवर आपटले.

पैलवानाला वाटले, ती नक्कल करते आहे. त्याने टाळ्या पिटल्या. मावशींनीही पिटल्या. "वा गं वा! हसून पडली!" मिनिटभराने ती उठली, मनगट पदराआड करावे तसे बाहीत लपवले, आणि तीही थोडीशी हसल्यासारखे करून कामाला लागली. माझ्या नाकाची धार दुरुस्तीवाल्याने कानशीने घासून दिली, म्हणजे कपड्यात अडकणार नाही. टवका मात्र राहिला.

त्या दिवसापासून तिने हसण्याच्या बाबतीत कानाला खडा लावला. पैलवानाने तोंड उघडले, की ती वाळवणीच्या खोलीत निघून जाई. मावशी गमतीला आल्या, की ती दात आवळून बटणे मोजी. पैलवान म्हणाला, "पेंगी शिष्ट आहे." मावशीही नाराज झाल्या. आणि मला तिच्या मुठीतून कळत होते, की एक माणूस हसायचे नाही म्हणून किती कष्ट घेऊ शकते. मित्रांनो, मी भट्टीतून आलेली आहे, पण त्या महिन्यांत मला जेवढे पोळले तेवढे भट्टीतही पोळले नव्हते.

मग पहिला शर्ट जळाला. दोन वाजून गेले होते. तिचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. मी खाली, तिचा हात वर, डोळे उघडे. मी तापलेली होते, मला थांबता येत नव्हते. तापलेल्या इस्त्रीला स्वतःहून उभे राहता आले असते तर! करपल्याचा वास सुटला. मावशी दोन ढांगांत आल्या, मला तिच्या हातून काढून टाचेवर उभे केले आणि शर्ट ओढून घेतला. ती दचकली. "काय झालं?"

"काही नाही. माझ्या टेबलावरून वास आला. तू तुझं बघ."

तिने विश्वास ठेवला. मावशींनी तो शर्ट आपल्या टेबलावर नेला आणि कॉलरच्या आत लाल टाका घातला. मालक संध्याकाळी बोलले, मावशींनी ऐकून घेतले. वीस वर्षांच्या चांगल्या नावावर एक डाग खपून गेला. पंधरा दिवसांनी एका पहारेकऱ्याची गणवेशाची पॅन्ट गेली. तीही लाल टाक्यावर.

तिसऱ्या खेपेला मावशी वाळवणीच्या खोलीत होत्या. टेबलावर फिकट राखाडी कोट होता. अशा कोटावर ओला फडका घालून मला फिरवायचे असते. फडका बाजूलाच राहिला. मी त्या कोटाच्या पाठीवर बसले ती बसलेच. आणि नवल म्हणजे पोरीने झोपेतच मला उचलले, टाचेवर नीट उभे केले, कोट हँगरला लावला आणि दांडीवर अडकवून दिला. मावशींचा नियम तिच्या हाडीमासी इतका भिनला होता. कोटाच्या पाठीवर मात्र माझे अख्खे बूड तपकिरी उमटले होते. मावशी परतल्या, त्यांनी डाग पाहिला, पोरीकडे पाहिले, आणि मुकाट्याने सुईत लाल दोरा ओवला.

तो कोट एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचे लग्न होते. ते गल्ल्यापाशी नुसते कोटावरून हात फिरवत राहिले. ओरडले असते तर बरे झाले असते. ते गेल्यावर मालकांनी कॉलर उलटली आणि मावशींना बोलावले. त्यांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होते.

"मावशी, तुमचे डोळे आता साथ देत नाहीत. महिनाअखेरपर्यंत काम करा. मग आराम करा."

मावशी "बरं" म्हणाल्या आणि टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. पोरगी त्यांच्याजवळ गेली, त्यांचा हात धरला आणि रडली. आपल्या चुकीची शिक्षा जिला झाली तिचेच ती सांत्वन करत होती, आणि तिला ते माहीत नव्हते. मला माहीत होते. पण मला तोंड कुठे आहे?

मालकांनी तो कोट गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगला, सगळ्यांना धडा म्हणून. चार दिवस पोरीने तिकडे पाहायचे टाळले. पाचव्या दिवशी गठ्ठा द्यायला गेली तेव्हा कोट वाऱ्याने फिरला होता आणि पाठ समोर आली होती. ती थबकली. परत माझ्यापाशी आली, जुन्या चादरीचा तुकडा पसरला, मला त्यावर ठेवले आणि तो तपकिरी होईपर्यंत धरून राहिली. तुकडा घेऊन पुन्हा गल्ल्याकडे गेली. मालक जेवायला गेले होते. तिने तुकडा डागाशेजारी धरला. दोन्हींचे नाक सारखे होते. दोन्हींचा टवका उडालेला होता.

मित्रांनो, मला बोलता येत नाही म्हणून मी आयुष्यभर कुरकुरले. त्या दिवशी मी बोलले.

पैलवान बाहेर गेला होता. ती तुकडा घेऊन मावशींसमोर उभी राहिली.

"मावशी, तो डाग तुमच्या इस्त्रीचा नाही."

"इस्त्र्या सगळ्या सारख्याच गं."

"टवका एकीलाच आहे."

मावशींनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसल्या.

"असे किती झाले?" तिने विचारले.

"तीन."

"मला एकही आठवत नाही." तिचा आवाज अगदी लहान झाला. "मावशी, माझे हात माझ्या नकळत काय काय करतात? उद्या मी इस्त्री कुणाच्या अंगावर ठेवली तर?"

"म्हणून सांगते, गप्प बस. मालकांना आगीची धास्ती आहे, आजच्या आज घालवतील. एकदा घरी बसलीस, की आळशी म्हणून कायमची मोडीत काढतील तुला. माझं काय, मी आज ना उद्या थांबणारच होते."

"तुम्ही मला सांभाळलं नाहीत, मावशी. झाकून ठेवलंत."

पुढे तिला आणखी बोलायचे होते. राग आला होता, मी तिच्या मुठीत असते तर मला तो कळला असता. पण तिचे शब्द जड झाले, जबडा सैल पडला आणि पाय गेले. या वेळी मावशी जवळ होत्या. त्यांनी तिला धरून खाली बसवले, हाका मारल्या, गाल थोपटले. ती हलली नाही. फक्त अर्धवट मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मावशींनी ते पाणी पाहिले आणि त्यांच्या हाका थांबल्या.

मिनिटभराने तिने मान उचलली. "मला सगळं ऐकू येत होतं. शुद्धीवर होते मी. फक्त अंग माझं राहिलं नव्हतं."

"मागे हसताना पडलीस, तेव्हासुद्धा?"

"दर वेळी."

मावशींनी कपाळावर हात मारला. "आणि आम्ही टाळ्या पिटल्या!"

ती उठली आणि मालक आल्याबरोबर तो चादरीचा तुकडा त्यांच्या गल्ल्यावर ठेवला. कुणाचा कोट, कुणाचा शर्ट, कुणाची पॅन्ट, सगळे सांगितले. मावशींनी टाका बदलला हेही लपवले नाही. मालक आधी लाल झाले, मग पांढरे पडले. "झोपेत? तापलेली इस्त्री हातात धरून झोपेत?" त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या वडिलांची जळकी लाँड्री उभी राहिली असणार. मावशींना त्यांनी ठेवून घेतले. पोरीला मात्र म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी त्यांना दोष देत नाही. भीती खरी होती.

दीड महिना मधले टेबल रिकामे राहिले. मला कुणी तापवले नाही, माझ्यावर धूळ बसली. मावशी रोज सकाळी उशिरा येत, कारण तिला दवाखान्यात नेत होत्या. एका डॉक्टरांनी रक्त तपासले, दुसऱ्यांनी मनाला लावून घेऊ नकोस म्हणून सांगितले, तिसऱ्यांनी झोपेच्या डॉक्टरांकडे पाठवले. तिथे डोक्याला वायरी लावून तिला रात्रभर झोपवले आणि दुसऱ्या दिवशी दिवसाही थोड्या थोड्या वेळाने झोपवून पाहिले. "माझ्या इस्त्रीला एक वायर, पोरीला वीस," असे मावशी पैलवानाला म्हणाल्या.

मग एका सकाळी ती दारात उभी राहिली. बरोबर तिचा दादा होता, हातात कागद. आजाराचे नाव नार्कोलेप्सी. तिने ते मालकांना असे समजावले. "जागेपण आणि झोप यांच्यामधलं दार माझं नीट लागत नाही. ते केव्हाही उघडतं. हसले, रागावले, की झोपेतला अंगाचा सैलपणा जागेपणीच आत शिरतो. हे बरं होत नाही. गोळ्यांनी आणि ठरलेल्या वेळेच्या झोपेने आटोक्यात राहतं."

दादा म्हणाला, "आम्ही हिला पाणी मारून उठवायचो." कागदाची घडी घालायला त्याला फार वेळ लागला.

मालक म्हणाले, "तापलेल्या इस्त्रीला हात लावायचा नाही."

"नाहीच लावणार. डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. मला घड्या घालायला द्या, टाके तपासायला द्या. आणि दुपारी दोन वाजता वीस मिनिटं चादरींच्या कोठीत झोपू द्या."

"कामाच्या वेळेत झोप? बाकीचे काय म्हणतील?"

मावशी आपल्या टेबलावरूनच बोलल्या. "तुम्ही रोज जेवून आलात की गल्ल्यावर मान टाकता. त्याला आम्ही काय म्हणतो ठाऊक आहे? मालक विचार करताहेत."

पैलवानाला खोकला आला. मालकांनी कागद पुन्हा उलगडून वाचला, नाक खाजवले, आणि म्हणाले, "पंधरा दिवस बघू."

तिच्या घड्या आणि तिची नजर मालकांनी पाहिली, मग पंधरा दिवसांची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पण सगळे सुरळीत झाले असे समजू नका. गोळ्यांनी तिचे डोके दुखे. काही दिवस गोळी घेऊनही ती घडीच्या टेबलावर पेंगे, आणि दोनदा एकाचा गठ्ठा दुसऱ्याच्या पिशवीत गेला. एका बाईने गल्ल्यापाशी "ती झोपणारी मुलगी माझ्या कपड्यांना नको" असे तिच्या देखत सांगितले. आणि मला? पहिल्या दिवशी ती मधल्या टेबलापाशी आली, माझ्या गार बुडावर तिने तळवा ठेवला आणि वायर गुंडाळून मला फळीवर ठेवले. नव्या चुण्यांचे फ्रॉक पैलवानाकडे गेले. त्याने ते कसे केले ते मी सांगत नाही.

सगळ्यात वाईट होती ती शांतता. पैलवानाने बोलणेच टाकले होते. पेंगी म्हटल्याची त्याला इतकी शरम वाटत होती, की तो तिच्याकडे पाहतही नसे. मावशी पावलांचा आवाज न करता चालत. कुणी हसत नव्हते, न जाणो ती पडली तर. आठ-दहा दिवस तिने हे सहन केले. मग एके दिवशी तिने हातातला टॉवेल टेबलावर आपटला.

"हे काय चालवलंय तुम्ही? मी इतके महिने दात आवळून काढले, आता तुम्हीही आवळून बसलात? मला हसायचंय. फक्त मला आधी बसू द्या!"

पैलवानाने हातातली इस्त्री टाचेवर उभी केली.

"विनोद सांगायचा असेल तर आधी 'बस' म्हणा. मान पडली तर पडू द्या. गर्दी करू नका, गाल थोपटू नका, पाणी तर मुळीच मारू नका. मिनिटभर थांबा. मी ऐकत असते. आणि पैलवान, ते नाव मात्र पुन्हा घ्यायचं नाही."

"मग काय म्हणू?" तो चाचरत म्हणाला.

"सुचेल तुम्हाला. जीभ सव्वा हाताची आहे ना!"

मावशी आधी हसल्या. मग पैलवानाने घसा खाकरला आणि दरबारात उभे असल्यासारखा म्हणाला, "धाकट्या बाई, बसून घ्या." ती बसली. त्याने उशीच्या अभ्र्यात टॉवेल कोंबले.

त्याच आठवड्यात तिने मला फळीवरून खाली काढले. वाऱ्याने चिठ्ठ्या उडतात आणि रुमालांच्या घड्या फुलतात, म्हणून वजन हवे होते. तेव्हापासून मी घडीच्या टेबलावर, तिच्या उजव्या हाताशी असते. माझी वायर कापून टाकली आहे. रुमाल दाबून धरायचे, एवढेच माझे काम.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी तीन कपडे आणि एक मनगट जाळले. ते मनगट कुणालाच दिसले नव्हते, याचे मला अजून वाईट वाटते. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी पुन्हा पुन्हा पेंगत असेल, हसता हसता कोसळत असेल, तर त्याला नाव ठेवू नका आणि त्याच्या चुका आपल्या दोऱ्याने झाकूही नका. त्याला दवाखान्यात न्या. आणि तुझ्यासाठी काय करू, हे त्याचे त्यालाच विचारा.

आता दोन वाजले, की कोठीचे दार लोटले जाते आणि पैलवानसुद्धा कुजबुजत बोलतो. वीस मिनिटांनी मावशी दारावर टकटक करतात. आणि दिवसातून एकदा तरी "धाकट्या बाई, बसा" अशी हाक येते. ती बसते, ऐकते, हसू फुटते, आणि तिची मान हळूच रुमालांवर टेकते. तिचा हात सैल होऊन माझ्या लोखंडी अंगावर पडतो, त्याच मनगटाचा, ज्याला मी चटका दिला होता. खोलीत कुणी हलत नाही. सगळे तिची वाट पाहत थांबतात.

सारा जन्म मला वाटत होते, की इस्त्रीची किंमत तिच्या तापण्यात असते. आता तो हात माझ्यावर पडतो आणि मी गार असते.

मग ती मान वर करते आणि म्हणते, "हं, पुढचं सांगा."